आग कशाने लागली, हे ठरवतं कोण? ठाणे-नवी मुंबईतल्या आगीच्या तपासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात किंवा खाडीपलीकडे नवी मुंबईत कुठे आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे. हा अंदाज पुढे कोण तपासतं, कसं तपासतं आणि ते काम शिकायचं कुठे, याबद्दल सोसायट्यांचे सेक्रेटरी, गाळेवाले, वकील आणि फॉरेन्सिकचे विद्यार्थी जे विचारतात ते इथे घेतलं आहे. मी विम्याच्या आणि कोर्टाच्या कामांसाठी जळिताच्या जागा बघतो, तेव्हा उत्तरांत माझी मतं येणारच.

'आग तपासनीस' अशी सरकारी नोकरी असते का?

त्या नावाचं वेगळं पद आपल्याकडे नाही. काम पाच-सहा खात्यांत वाटलेलं आहे आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आग विझवणारं दल आपल्या अहवालात संभाव्य कारण लिहितं. हे दल कुठे ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेचं असतं, कुठे एमआयडीसीचं, कुठे सिडकोचं. पोलिस पंचनामा करतात, जबाब घेतात. संशय नसेल तर 'आकस्मिक जळीत' म्हणून नोंद होते, संशय असेल तर गुन्हा दाखल होतो. नमुने कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. पोलिस ठाण्यात याला 'सीएला', म्हणजे केमिकल अॅनालायझरकडे, 'पाठवलं' म्हणतात आणि पुढे कित्येक दिवस सगळे 'सीए रिपोर्ट'ची वाट बघतात. विजेमुळे जीव गेला असेल तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकांकडून चौकशी होते. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय येतं. पेट्रोलियम किंवा गॅसचा साठा असेल तर 'पेसो', म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना. त्यांचं पश्चिम विभागाचं कार्यालय सीबीडी बेलापूरलाच आहे. विमा उतरवलेला असेल तर नुकसान मोजायला सर्व्हेअर येतो, आणि क्लेम मोठा किंवा संशयास्पद असेल तर त्याच्या जोडीला खासगी तपासनीस.

एकाच जळक्या गाळ्यात इतके जण उतरतात, पण प्रत्येकाचा प्रश्न निराळा असतो. पोलिसांना गुन्हा आहे की नाही ते हवं असतं, सर्व्हेअरला नुकसान पॉलिसीत बसतं का ते, विद्युत निरीक्षकाला कोणता नियम मोडला ते. 'आग नेमकी कुठे आणि कशी सुरू झाली' हा मूळ प्रश्न सगळ्यांचा असल्यामुळे पुष्कळदा कोणाचाच राहत नाही.

परदेशात तर याचे खास तज्ज्ञ असतात ना?

असतात. अमेरिकेत फायर मार्शलच्या कार्यालयात, पोलिसांत आणि केंद्रीय यंत्रणेतही पूर्णवेळ आग-तपास करणारे लोक आहेत. तिथली 'इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ आर्सन इन्व्हेस्टिगेटर्स' ही संघटना १९४९ सालची. 'एनएफपीए' या तिथल्या अग्निसुरक्षा संघटनेचं 'एनएफपीए ९२१' हे तपासाच्या पद्धतीचं मार्गदर्शक पुस्तक १९९२ मध्ये पहिल्यांदा निघालं, आणि तपासनिसाला काय काय यायला हवं ते 'एनएफपीए १०३३' मध्ये आहे. आपल्या कायद्यात ही पुस्तकं बंधनकारक नाहीत, तरी या क्षेत्रात गंभीरपणे काम करणारा माणूस ९२१ वाचलेला असतो. वाचलेला नसेल तर त्याचा अहवाल उलटतपासणीत फार वेळ उभा राहत नाही.

जागेवर गेल्यावर सगळ्यात आधी काय बघतात?

कारण नव्हे, ठिकाण. आग सुरू कुठे झाली ते कळल्याशिवाय कशाने झाली हे बोलणं म्हणजे हवेत बाण मारणं.

वागळे इस्टेटमधला पॅकेजिंगचा गाळा समजा. पत्रे खाली आलेत, पुठ्ठ्याच्या थप्प्यांची ओली राख गुडघ्यापर्यंत, कुलिंग करताना दलाच्या लोकांनी अर्धा माल बाहेर ओढून टाकलाय. अशा जागी आधी बाहेरून चक्कर मारायची. कुठली खिडकी जास्त काळवंडली, शटरची कोणती बाजू वाकली, धूर कुठून बाहेर पडला. मग कमी जळलेल्या भागातून जास्त जळलेल्या भागाकडे सरकायचं. लोखंडी कपाट फार बोलकं असतं: एका अंगाला नुसती काजळी, दुसऱ्या अंगाचा रंग पूर्ण उडून पत्रा पांढुरका-तांबूस झालेला. जिकडून ताप आला ती बाजू ते कपाट दाखवतं. खुर्चीचे पाय, खांबाच्या कडा, भिंतीचं प्लास्टर, सगळ्यांकडून असा एकेक जबाब गोळा करून नकाशावर बाण काढत जायचं.

बाण जिथे एकत्र येतात तिथे ढिगारा थराथराने काढतात. फावडं नाही, थापी, ब्रश आणि वाळू चाळायची जाळी. वरच्या थरात पत्रा आणि छताचे तुकडे, त्याखाली पंख्याची मोटर, त्याखाली टेबल, टेबलाखाली एक्स्टेन्शन बोर्डाच्या पितळी पट्ट्या. कुठल्या वस्तूवर कुठली पडली हा क्रम म्हणजेच आगीची वेळ. टेबलाखालची फरशी स्वच्छ असेल तर टेबल पडलं तेव्हा खाली काही जळत नव्हतं. पितळी पट्टीत चार्जरची पिन अडकलेली मिळाली तर तो चार्जर लावलेला होता, मग मालक काहीही म्हणोत.

आणि फोटो. प्रत्येक थर उचलण्याआधी आणि उचलल्यावर. हे कंटाळवाणं काम करायची तयारी नसेल तर या धंद्यात पडू नये.

भिंतीवर 'व्ही'सारखा डाग दिसला की आग तिथेच सुरू झाली, असं ना?

सुरुवातीच्या आगीत बरेचदा हो. ज्वाळा वर जाताना पसरतात, म्हणून खाली टोक आणि वर फाकलेला आकार उमटतो. पण खोली बंद असेल तर छताखाली गरम धुराचा थर साचतो, तो साधारण ६०० अंशांच्या आसपास गेला की खालच्या सगळ्या वस्तू जवळपास एकदम पेट घेतात. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर आग जिकडून हवा येते तिकडे जोमाने जळते, आणि उघड्या दारासमोर किंवा फुटलेल्या खिडकीखाली असा ठसठशीत 'व्ही' उमटतो की कोणीही फसावं.

२००५ मध्ये लास व्हेगासला याची चाचणी झाली. फ्लॅशओव्हरनंतर सुमारे दोन मिनिटं जळू दिलेल्या खोल्या तपासनिसांना दाखवल्या आणि आग कोणत्या चतुर्थांशात सुरू झाली ते विचारलं. ५३ जणांपैकी बरोबर उत्तर दिलं तिघांनी. नुसत्या अंदाजाने बोट ठेवलं असतं तरी तेरा-चौदा जणांचं बरोबर आलं असतं. ठाण्यातल्या वन बीएचकेमध्ये दल पोहोचेपर्यंत खोली याहून जास्त वेळ पेटलेली असू शकते, हे ध्यानात ठेवून 'बघताक्षणी कळलं' म्हणणाऱ्या तज्ज्ञाकडे बघावं.

प्रत्येक आग शॉर्टसर्किटनेच कशी लागते?

लागत नाही. लिहिलं मात्र तसं जातं, कारण त्याने कोणी दुखावत नाही. मालक सुटतो, भाडेकरू सुटतो, पंचनामा संपतो.

विजेमुळे आगी लागतात आणि भरपूर लागतात, यात वाद नाही. पण त्यातली मोठी भानगड ढिल्या जोडणीची असते: स्क्रू सैल, वायरच्या टोकाचा धातूचा लग नीट दाबलेला नाही, तांबं आणि अॅल्युमिनियम थेट पिळून जोडलेलं. तिथे रोज थोडी उष्णता होते, प्रवाह वाढलेला नसतो म्हणून एमसीबी पडत नाही, आणि एके रात्री आजूबाजूचं इन्सुलेशन पेटतं. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत जिन्याखाली मीटरची लाकडी फळी आणि तिला टेकून उभ्या केलेल्या स्कूटर बघा. फळीवर ठिणगी पडली की खाली पेट्रोल आहेच, आणि वरच्या मजल्यांना उतरायला तोच एक जिना. मीटर रूममधली आग लहान असली तरी धूर जिन्याच्या पोकळीतून सरळ वर जातो.

आता तपासाची मेख. वायरवर वितळलेल्या तांब्याचा मणी मिळाला की 'शॉर्टसर्किटचा पुरावा' म्हणून तो पिशवीत जातो. पण दुसऱ्या कशाने लागलेली आग चालू वायरपर्यंत पोहोचली तरी इन्सुलेशन जळून तशीच ठिणगी पडते आणि तसाच मणी तयार होतो. मण्यावरून एवढं कळतं की त्या क्षणी वायरमध्ये वीज होती. आधी आग की आधी ठिणगी, हे एकट्या मण्यावरून ठरवता येत नाही. शिवाय तांबं वितळतं १०८५ अंशांना, अॅल्युमिनियम ६६० ला. वरून वितळलेलं अॅल्युमिनियम तांब्यावर ओघळलं तर दोघांचं मिश्रण त्याहून कमी तापमानाला वितळतं, आणि न झालेल्या शॉर्टसर्किटची खूण दिसते.

म्हणून एका मण्यापेक्षा सगळ्या सर्किटचा नकाशा महत्त्वाचा. कोणत्या वायरवर कुठे ठिणगीची खूण आहे, कोणता एमसीबी पडला, कोणता चालूच राहिला. पुरवठा मुख्य बोर्डाकडून येतो आणि पुढची वायर तुटली की तिच्यापलीकडे वीज उरत नाही, त्यामुळे ठिणग्यांचा क्रम काढता येतो. आग लवकर विझली असेल तर हे तंत्र चांगलं चालतं. सगळंच खाक झालं असेल तर त्याच्यावरही फार भिस्त ठेवू नये.

आग लागली की लावली, हे कसं ओळखतात?

आधी साधे प्रश्न. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन ठिकाणी आग सुरू झाली का? कुलूप आतून होतं की बाहेरून? आदल्या आठवड्यात चांगला माल दुसरीकडे हलला का, आणि स्टॉक रजिस्टरमध्ये तो अजून तिथेच आहे का? भिवंडीच्या गोदामांमध्ये हा शेवटचा प्रश्न कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा जास्त कामाला येतो. जळालेल्या कापडाच्या ताग्यांची राखसुद्धा जागा व्यापते, ती मोजता येते.

मग नमुने. पेट्रोल किंवा रॉकेल ओतलं असेल तर ते सगळं जळत नाही. फरशीच्या सांध्यात, चौकटीच्या खाली, गोणपाटाच्या तळाशी थोडं मुरून राहतं. दलाने मारलेल्या पाण्यानेही पूर्ण जात नाही. नमुना हवाबंद पत्र्याच्या डब्यात, काचेच्या बरणीत किंवा खास नायलॉनच्या पिशवीत घ्यायचा. किराणा दुकानातल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ निघून जाते आणि बाहेरची आत शिरते, तरी जागेवर तीच पिशवी दिसते, काय करणार. दर नमुन्याला नवे हातमोजे. जनरेटरमध्ये पेट्रोल भरलेल्या हाताने नमुना घेतला तर प्रयोगशाळेला पेट्रोल सापडणारच. आणि त्याच जमिनीचा, पण संशय नसलेल्या जागेचा एक तुलनेचा नमुना, कारण सनमायकाचा गोंद, फोम, रबर यांतूनही जळताना तशीच रसायनं निघतात. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीने ही वेगळी काढतात.

पेट्रोल सापडलं म्हणजे आग लावलीच, असंही नाही. जिन्याखालच्या त्या स्कूटर आठवा.

काचेला जाळीसारखे तडे गेले की पेट्रोल वापरलं होतं, हे खरं का?

खोटं, आणि महागात पडलेलं खोटं. असे बारीक तडे तापलेल्या काचेवर पाणी पडल्यानेही जातात. अमेरिकेत टेक्सासमधल्या कॉर्सिकाना गावी डिसेंबर १९९१ मध्ये एका घराला आग लागून तीन लहान मुली गेल्या. जमिनीवरचे डाग, काचेचे तडे अशा 'खुणां'वरून आग लावली असं तज्ज्ञांनी सांगितलं आणि त्यांचे वडील कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम यांना २००४ मध्ये मृत्युदंड दिला गेला. पुढे आगीच्या शास्त्रज्ञांनी तो पुरावा तपासला तेव्हा आग लावल्याचं सिद्ध करणारं त्यात काही उरलं नाही. हा खटला या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने मुळापासून वाचावा.

गॅसचा स्फोट असेल तर?

सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. पाइपने येणारा पीएनजी हलका, तो छताकडे जातो. त्यामुळे भिंत खालून ढकलली की वरून, याकडे आधी लक्ष जातं. पण वायू खोलीभर मिसळला असेल तर ही खूण पुसट होते. हवेत एलपीजी साधारण २ ते ९ टक्के असला तरच पेटतो; पीएनजीला हे प्रमाण ५ ते १५. पेपरात 'सिलिंडरचा स्फोट' असं येतं तेव्हा सिलिंडर बहुतेकदा अख्खा मिळतो. फुटलेली असते ती खोली. गॅस रात्रभर नळीतून गळलेला असतो. शेगडीचा नॉब, रेग्युलेटर आणि नळी जशी सापडली तशी ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं.

जळून मृत्यू झाला असेल तर तपासनीस काय बघतो?

ते काम शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचं. श्वासनलिकेत काजळी आहे का आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड किती, यावरून आग लागली तेव्हा माणूस जिवंत होता का ते समजतं. मृतदेह कुठे आणि कसा मिळाला, त्याखालची फरशी आणि कपडे, याची नोंद मात्र तपासनिसाने ठेवायची असते. हातपाय आखडून मुठी वळलेल्या दिसल्या म्हणजे झटापट झाली, असा अर्थ नातेवाईक काढतात. उष्णतेने स्नायू आकसून तसं होतं.

एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या आगीचा तपास वेगळा असतो का?

बराच. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी एमआयडीसीत, तुर्भे, पावणे, रबाळे भागांत, ड्रममध्ये काय होतं हेच आधी शोधावं लागतं. इथे तपासनिसाला रसायनशास्त्र यायला हवं, नाहीतर रसायनशास्त्र येणारा माणूस शेजारी हवा.

डोंबिवलीचं उदाहरण ताजं आहे. २६ मे २०१६ च्या स्फोटात तिथे १२ जण गेले. २३ मे २०२४ ला पुन्हा स्फोट झाला, तेव्हा पहिले काही तास सगळीकडे 'बॉयलर फुटला' हेच चाललं होतं. नंतर तो रिअॅक्टरचा, म्हणजे रसायनांची प्रक्रिया करायच्या बंद भांड्याचा, स्फोट असल्याचं पुढे आलं. ऐकणाऱ्याला काय फरक पडतो? तपासात सगळाच पडतो. बॉयलर हा बाष्पके संचालनालयाचा विषय, रिअॅक्टर औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचा. बॉयलरमध्ये वाफेचा दाब शोधाल, रिअॅक्टरमध्ये कोणता पदार्थ कोणत्या तापमानाला टाकला, थंड करणारं पाणी बंद पडलं का, बॅच शीटवर शेवटची नोंद काय, हे शोधाल.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. आगीने घर किंवा गोदाम नष्ट करण्याच्या हेतूने केलेलं कृत्य कलम ३२६ मध्ये येतं. शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. आगीबाबत हलगर्जीपणा कलम २८७ मध्ये. मृत्यू झाला असेल तर परिस्थितीनुसार कलम १०६ (हलगर्जीपणाने मृत्यू) किंवा १०५ (सदोष मनुष्यवध). भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं अपेक्षित आहे. राज्यांना ही व्यवस्था उभी करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. या एका तरतुदीमुळे पुढच्या काळात प्रशिक्षित माणसं जास्त लागणार, असं माझं मत.

या क्षेत्रात यायचं तर काय शिकावं?

चार दारं आहेत. पहिलं अग्निशमन दलाचं: सांताक्रूझच्या राज्य प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांचा फायरमनचा कोर्स, पदवीधरांसाठी सबऑफिसरचा वर्षभराचा. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ पासूनचं. तिथे अधिकाऱ्यांचे कोर्स आणि फायर इंजिनिअरिंगची पदवी आहे. दुसरं फॉरेन्सिकचं: मुंबईच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेतून किंवा गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठातून पदवी, मग प्रयोगशाळेतल्या जागांच्या जाहिराती. तिसरं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं. चौथं विम्याचं: सर्व्हेअर व्हायला पात्र पदवी, प्रशिक्षण, परीक्षा आणि विमा नियामकाचा परवाना लागतो.

विचाराल तर इलेक्ट्रिकलवाल्याने आगीचं शास्त्र शिकणं हा सगळ्यात कामाचा मार्ग, कारण निम्मे वाद वायरपाशी येऊन थांबतात. पण आग विझवायला कधीच न गेलेल्या माणसाला दलाच्या लोकांकडे काही काळ बसावंच लागतं. पाणी कुठून मारलं, दार कोणी तोडलं, ज्वाळा आधी कुठे दिसल्या, हे पहिल्या गाडीवरच्या फायरमनइतकं कोणालाच ठाऊक नसतं, आणि त्याला कोणी विचारायला जात नाही.

मुलींनी यावं का, असंही विचारतात. जरूर. काम घाणेरडं आहे, राख महिनोन्महिने कपड्यांतून जात नाही, जुन्या गाळ्यांच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतो म्हणून चांगला मास्क लागतो. हे सगळं पुरुषांनाही तितकंच लागू आहे.

विमा कंपनीने पाठवलेला माणूस क्लेम नाकारायलाच येतो का?

सर्व्हेअर परवानाधारक असतो आणि कागदावर तरी निष्पक्ष. पण कारणाचा थेट परिणाम पैशांवर होतो, हे समजून घ्या. नेहमीच्या फायर पॉलिसीत शॉर्टसर्किटने खुद्द जे यंत्र बिघडलं ते वगळलेलं असतं; त्यातून आग पसरून बाकीचं जळालं तर ते भरून मिळतं. माल आपोआप तापून पेटणं काही पॉलिसींत वेगळं कव्हर घेतल्याशिवाय बसत नाही. फर्निचरच्या कारखान्यात जवसाच्या तेलाने भिजलेल्या पॉलिशच्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवल्या की काही तासांत आपोआप पेटू शकतात, आणि मग त्या चिंध्यांवर लाखोंचा वाद चालतो. सर्व्हेअरचा निष्कर्ष पटला नाही तर लेखी कारणं मागा, आणि जागा साफ होण्याआधी स्वतःचा तज्ज्ञ बोलवा.

सोसायटीत आग लागली. तपासनीस येईपर्यंत आम्ही काय करावं?

झाडू मारू नका. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी कामवाल्या मावशींना बोलावून सगळं धुऊन काढतात आणि मग कारण विचारतात. इमारत धोकादायक नसल्याचं दलाने सांगितल्यावर फोटो काढा, बोर्डाचे एमसीबी वरखाली करू नका, वायरमनला 'जरा बघ रे' म्हणून बोर्ड उघडायला लावू नका. सीसीटीव्हीचा डीव्हीआर लगेच बंद करून बाजूला ठेवा. चालू राहिला तर जुनं फुटेज पुसून नवं चढतं. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, भरलेला असेल तर त्याच्या प्रती शोधून ठेवा. नसेल भरला तर तोही प्रश्न निघणारच आहे.

कारण सापडलंच नाही तर अहवालात काय लिहितात?

'कारण निश्चित करता आलं नाही.' ग्राहकाला हे वाक्य अजिबात आवडत नाही; पैसे दिलेत आणि उत्तर नाही, असं वाटतं. पण बाकी सगळी कारणं खोडून काढली म्हणून उरलेलं एक खरं, ही पद्धत वर सांगितलेल्या 'एनएफपीए ९२१' ने नाकारली आहे. जे उरलं त्याला स्वतःचा पुरावा हवा. विजेची खूण नाही, गॅस नाही, म्हणून कोणीतरी काडी लावली असणार, असं लिहिणारा माणूस कोर्टात पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो.

अग्निशमन दलाचा अहवाल कुठे मिळतो?

ज्या दलाची गाडी आली त्यांच्याकडे लेखी अर्ज करायचा. अर्जात घटनेची तारीख, वेळ, पूर्ण पत्ता आणि तुमचा त्या जागेशी संबंध लिहा. जागेचा पुरावा जोडा. अहवाल हातात आल्यावर 'संभाव्य कारण' या रकान्याआधी कॉल आल्याची, गाडी पोहोचल्याची आणि आग आटोक्यात आल्याची वेळ वाचा. पुढच्या तपासात त्या तीन वेळा जास्त उपयोगी पडतात.